डार्लीन प्रूइट काय म्हणाली

पपनस सोलता सोलता मेधाच्या लक्षात आलं, की पडद्यावरची बाई आता पुढे काय बोलणार आहे ते आपल्याला ठाऊक आहे. मालिका तिने आधी कधी पाहिली नव्हती. अनघाकडे ती आली होती ते अनघाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. शिवाय बाहेर सिंगापूरवर सुमात्रातल्या जळत्या जंगलांचा धूर इतका दाटला होता की दुपारी तीन वाजताही समोरचा टॉवर पुसट दिसत होता, आणि घरी एकटीने खिडक्या लावून बसण्यापेक्षा इथे दोघींनी बसलेलं बरं. अनघा सोफ्यावर पाय लांब करून तीच ती मालिका तिसऱ्यांदा बघत होती. "ही डार्लीन प्रूइट," तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. "कंट्री म्युझिकची स्टार. खरी नाही गं, मालिकेतली. गावोगाव गात फिरते आणि इकडे घरी हिची तान्ही मुलगी हॉस्पिटलात जाते. ही येतच नाही. आता सगळं आटोपल्यावर आलीये बघ." पडद्यावर एक लाकडी घर होतं. त्याच्या ओसरीवर दाराला पाठ लावून नवरा उभा होता आणि खाली पायऱ्यांपाशी ही डार्लीन, हातात टोपी, डोळ्यांखाली सुरमा ओघळलेला. ती बोलायला लागली. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. मेधा ती वाचत नव्हती. तिच्या डोक्यात ती मराठीत उमटत होती, एका जुन्या पत्रातल्या शब्दांत, आणि पडद्याच्या एक ओळ आधी. तिथे आवाज इतका असतो की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. डार्लीन म्हणाली, लोक इतके ओरडतात, वेन, की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्या आवाजात मी तिच्याशी बोलतो. त्या आवाजात मी तिच्याशी बोलते, डार्लीन म्हणाली. मला जे जे येत होतं ते सगळं सांगून झालं. शब्द संपले, तरी मी बोलतच राहिलो. मेधाचे ओठ हलत होते. सुरी हातातच होती. तुझ्या दुःखावर माझा हक्क नाही. मला आत घेऊ नकोस. फक्त दाराशी उभं राहू दे. आणि डार्लीनने हनुवटी उचलून वर पाहिलं, तिथे ओसरीच्या आढ्याला एक पिवळा बल्ब लोंबत होता, आणि आता ती काय म्हणणार हे मेधाला अगदी अक्षरशः माहीत होतं, आणि ती तेच म्हणाली. ओसरीवरचा तो दिवा तेवढा मालवू नकोस.

"अगं, बोट कापलंस की काय?" अनघाने विचारलं.

"नाही."

"मग अशी का बसलीस? मला माहितीये, हा सीन भारीच आहे. मी दरवेळी रडते."

मेधाने पपनसाच्या फोडी ताटलीत नीट मांडल्या, सालं उचलली, सुरी धुतली आणि धुवायचा कुकर आहे असं काहीतरी सांगून निघाली.

ते पत्र म्हणजे खरं तर ईमेल होती. २०१२ सालच्या डिसेंबरात, अगदी महिना संपता संपता आलेली. जहाजावरून फक्त साधा मजकूर येई, म्हणून तिचा नवरा निशिकांत मराठीच पण इंग्रजी लिपीत लिहायचा, सगळी अक्षरं लहान, स्वल्पविराम नाहीत. तेव्हा मेधा ठाण्याला माहेरी होती. मुलगी जाऊन साडेतीन आठवडे झाले होते. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली, एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. त्या एकोणीस दिवसांत आणि नंतरही निशिकांत आला नाही, कारण तो ब्राझीलहून लोखंडाची माती घेऊन चीनला निघालेल्या जहाजावर सेकंड इंजिनियर होता, जहाज समुद्रात होतं आणि त्याच्या जागी यायला माणूस नव्हता. असं त्याने सॅटेलाइट फोनवर सांगितलं होतं. मेधाला ते कळत होतं. कळत असूनही तिने आईला सांगून टाकलं होतं की हा माणूस उतरेल तेव्हा मी त्याला घ्यायला विमानतळावर जाणार नाही, त्याच्या घरीही जाणार नाही, मला आता त्याच्याबरोबर राहायचं नाही. मामेभावाने एका वकिलाचा नंबर दिला. तो नंबर उशीखाली ठेवलेला असताना ती ईमेल आली. तिने ती आधी मोबाइलवर वाचली, मग भावाच्या कॉम्प्युटरवर, मग फुलस्केपची वही आणून संबंध पत्र देवनागरीत उतरवून काढलं. ते एक काम होऊन बसलं होतं. 'dukkhavar' लिहिताना विसर्ग द्यायचा, 'hakka' चा क्क जोडायचा, कुठे पूर्णविराम असेल तो ठरवायचा. त्या संध्याकाळी किती तरी दिवसांनी तिने पोटभर जेवण केलं. वकिलाचा नंबर तिने टाकून दिला नाही, पण पुन्हा पाहिलाही नाही.

एक गोष्ट तेवढी तिला तेव्हाही खटकली होती. ओसरी. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कसली ओसरी? दाराबाहेर जिना, जिन्यात सोसायटीची ट्यूबलाइट. मग तिने स्वतःच त्याला अर्थ दिला. निशिकांतचं लहानपण आजोळी गुहागरला गेलं होतं, तिथे ओसरी असणार, तिथे कुणीतरी कुणासाठी दिवा ठेवत असणार, आणि दुःखाने माणूस लहान होतो तेव्हा त्याला तेच घर आठवत असणार. हे तिने इतक्या मनापासून ठरवलं होतं की पुढे गुहागरला गेल्यावर तिने तो दिवा शोधलाही होता. तिथे ओसरीवर एक सीएफएलचा दिवा होता. तिने तिथे उभं राहून निशिकांतकडे पाहिलं होतं, आणि तो म्हणाला होता, "डास चावतायत, आत ये."

हे आता ती धुरातून घरी चालत येताना आठवत होती. नाकावर मास्क होता तरी जळक्या पाल्याचा वास घशात उतरत होता. रस्त्यावर माणसं कमी, जी होती ती खाली मान घालून भराभर चाललेली. गेली दोन वर्षं, म्हणजे निशिकांतने जहाज सोडून इथे किनाऱ्यावरची नोकरी धरल्यापासून, ती समुद्रालगतच्या या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत राहत होती आणि एका शाळेच्या लायब्ररीत अर्धा दिवस काम करत होती. निशिकांत बोलत नसे. म्हणजे बोलायचा, पण काय? गॅस बंद केलास का. आज भेंडी जरा कमी शिजलीये. उद्या मला टुआसला ड्रायडॉकवर जायचंय, लवकर उठव. गेले तीन आठवडे, पीएसआय, म्हणजे हवेतल्या धुराचा आकडा, किती आहे. मेधाला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण तिला माहीत होतं की या माणसाच्या आत एक खोल विहीर आहे आणि त्या विहिरीचं पाणी तिने एकदा पाहिलंय. बाकीच्या बायकांच्या नवऱ्यांना बोलता येत होतं, ते पार्टीत विनोद सांगत, वाढदिवसाला फेसबुकवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहीत. मेधा हसून ऐकून घ्यायची. तिच्याकडे ती फुलस्केपची दोन पानं होती. त्याच्या गप्प बसण्याला तिने त्या दोन पानांतून अर्थ पुरवला होता, वर्षानुवर्षं, पेलापेलाने. आता लिफ्टच्या आरशात मास्कवरचे स्वतःचे डोळे दिसले तेव्हा तिला वाटलं, तो गप्प असतो तेव्हा कदाचित नुसता गप्पच असतो.

तो साडेसहाला आला. सेफ्टी शूज दाराबाहेर काढले, हात कोपरापर्यंत धुतले, पंख्याखाली बसला. "आज दोनशे सत्तर होता," तो म्हणाला. "यार्डात बाहेरचं काम बंद केलं दुपारनंतर." तिने त्याला चहा दिला. त्याच्या मनगटावर तेलाची एक रेघ राहून गेली होती, कानामागचे केस पांढरे झाले होते. भला माणूस. तिच्या तापात दोन-दोन दिवस रजा काढणारा, तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या वेळी स्वतःहून ठाण्याला जाऊन राहिलेला. तिने त्या भल्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते वाक्य त्या तोंडातून बाहेर येतंय अशी कल्पना करायचा प्रयत्न केला. तुझ्या दुःखावर माझा हक्क नाही. येईना. आधी कसं येत होतं? आधी तिने कधी असं समोर धरून पाहिलंच नव्हतं. पत्रातला निशिकांत आणि हा पंख्याखालचा, दोघांना तिने कधी एका खोलीत आणलंच नव्हतं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. डोळे चुरचुरतायत धुराने."

"खिडकीची फट बंद कर. ओला टॉवेल लाव." आणि तो स्वतःच उठून टॉवेल ओला करायला गेला.

पुढच्या आठवड्यात तिने अनघाकडून ती मालिका आणली आणि दुपारी शाळेतून आल्यावर, निशिकांत यायच्या आत, पहिल्या भागापासून बघायला घेतली. शुक्रवारी तर धुरामुळे सगळ्या शाळाच बंद राहिल्या, त्या दिवशी तिने सकाळपासून चार भाग पाहिले. तिला गोष्टीत रस नव्हता. ती आपला संसार शोधत होती. डार्लीन काही बोलली की ती थांबवायची आणि आठवायची, हे निशिकांत कधी म्हणाला होता का? जहाज सोडताना तो म्हणाला होता, "आता पुरे झालं पाणी." हे कुणाचं? सिंगापूरला येण्याविषयी विचारताना म्हणाला होता, "तिथे आपल्याला कुणी ओळखणार नाही." हे कुणाचं? मालिकेत तसलं काही सापडलं नाही. तेवढंच एक बोलणं, सहाव्या भागातलं, साडेतीन मिनिटांचं. ते तिने अकरा वेळा पाहिलं. निशिकांतने काय काय बदललं ते तिला आता पाठ झालं होतं. लोकांच्या ओरडण्याच्या जागी इंजिनरूमचा आवाज. वेनच्या जागी मेधा. डार्लीन मध्येच म्हणते की माझ्या गाडीत देवाला जागा नव्हती. ते त्याने गाळलं होतं. दिवा मात्र ठेवला. पोर्चला त्याने ओसरी म्हटलं, आणि घराला ओसरी नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नाही, किंवा आलं आणि सोडवेना.

मग तिला सुचलं की हे डार्लीनचंही नाहीच. डार्लीन नावाची बाई नाहीच आहे. गिटार खरी, आवाज दुसऱ्याच कुणा गाणारीचा, रडणं नटीचं, आणि शब्द अमेरिकेतल्या कुठल्याशा खोलीत एसी लावून बसलेल्या लेखकाचे. त्याला मूल असेल, नसेल. त्याने कागदी पेल्यातली कॉफी पीत ते लिहिलं असेल, कुणीतरी म्हटलं असेल, छान जमलंय, दिवा ठेव. आणि ते तिथून निघून जहाजावर, जहाजातून ठाण्याला, तिच्या मांडीवरच्या वहीत येऊन पोचलं, आणि तिने त्याला विसर्ग लावला. नवरा सोडायचा नाही असं ठरवलं. देश सोडला. दुसरं मूल नको म्हणाली आणि तो हो म्हणाला तेव्हा तिला वाटलं होतं, याला कळतं.

नवव्या भागात डार्लीनचा मॅनेजर दारूच्या भरात वेनला सांगून टाकतो. मुलगी हॉस्पिटलात होती त्या आठवड्यात एक दिवस मोकळा होता. विमान ठरवलं होतं, धावपट्टीवर उभं होतं. तुझ्या बायकोनेच ते रिकामं परत पाठवलं.

मेधाने लॅपटॉप मिटला. मिटल्यावरही बराच वेळ तिचा हात त्याच्यावर तसाच होता, ताप आहे का बघावा तसा.

ती शनिवारी विचारेन असं ठरवून उठली नव्हती. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता, वारा फिरला होता, आणि सकाळी निशिकांत म्हणाला, "बासष्टवर आलाय. चल, जरा पाय मोकळे करू." तीन-चार आठवड्यांत पहिल्यांदाच सगळी वस्ती समुद्रकाठच्या पार्कात लोटली होती. सायकली, स्केट्स, कुत्री, म्हातारे चिनी हात हलवत उलटे चालणारे. धूर होता, पण विरळ. समुद्रावर जहाजं दिसायला लागली होती, आधी जवळची, मग मागची, नांगर टाकून एकाच दिशेला तोंड करून उभी. दोघं खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरपलीकडे एका बाकावर बसली. निशिकांतने पाण्याची बाटली उघडायला घेतली.

"डार्लीन प्रूइट कोण रे?" मेधाने विचारलं.

त्याने बाटलीचं झाकण अर्धं फिरवलं होतं. ते त्याने पुन्हा घट्ट केलं. कोण, असं तो म्हणाला असता, निदान क्षणभर तरी, तर मेधाला पुढे काय करायचं ते सुचलं नसतं. तो म्हणाला, "कुठे पाहिलंस?"

"अनघाकडे."

"हं."

"तू?"

"मेसमध्ये. चीनला पोचलो तेव्हा चिंगडाओला थर्ड ऑफिसर चढला, त्याच्याकडे हार्ड डिस्क होती. पाच-सहा जण बसलो होतो." तो बाटलीकडे बघत बोलत होता. "मग ती डिस्क मागून घेतली. केबिनमध्ये लावलं. थांबवून थांबवून उतरवून घेतलं."

थांबवून थांबवून. तिला ते दिसलं. तो बारका बंक, टेबलाला बांधलेला दिवा, तेलकट नखांचा हात पॉझवर. एक ओळ, पॉझ, एक ओळ. ती फुलस्केपवर अनुस्वार देत बसली होती तसाच तोही बसला असणार. तिला क्षणभर त्या माणसाची माया आली आणि त्या मायेचा राग आला.

"मला लिहिता येत नव्हतं, मेधा. ती गेली त्या दिवसापासून रोज ड्यूटी संपली की मेल उघडून बसायचो. 'प्रिय मेधा' लिहायचो, पुढे काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही. मला वाटायचं, आपल्यात काहीतरी बिघडलंय. इतर माणसांना असतं ते आपल्यात बसवलेलंच नाही. मग ती बाई पायरीशी उभी राहून बोलली आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर. चीफ कुक पाठीवर हात फिरवत होता. मला वाटलं, रडू माझं आहे ना. मग शब्दही माझेच."

समोरून एक बाई तीन चाकांच्या बाबागाडीमागे धावत गेली. त्याचं म्हणणं तिला पटत होतं. पटत होतं हीच अडचण होती. तो असाच थांबला असता, ती अशीच उठली असती, तर कदाचित ती दोघं नाश्त्याला पराठे घेऊन घरी गेली असती, आणि तिने ती दोन पानं जिथे आहेत तिथेच राहू दिली असती.

"पुढचे भाग पाहिलेस?" तिने विचारलं.

"नाही. तिथेच थांबलो."

"नवव्यात कळतं की तिला येता येत होतं. विमान आलं होतं. तिनंच परत पाठवलं."

निशिकांतने मान हलवली नाही की वळवली नाही. पण तो इतका स्थिर झाला की मेधाला त्याच्या शर्टाच्या खिशाची शिवण दिसली, त्यातला एक सुटलेला दोरा, तो वाऱ्याने हलत होता तेवढाच. आणि तिने जे विचारायचं ठरवलं नव्हतं ते विचारलं.

"तुझ्या जागी यायला माणूस मिळत होता का?"

"हो."

"कुठे?"

त्याने हनुवटीने दाखवलं. आधी तिला कळलं नाही. तिला वाटलं तो एखादं जहाज दाखवतोय.

"इथे," तो म्हणाला. "समोरच. त्या लाल जहाजाच्या थोडं पलीकडे. तेल भरायला अकरा तास थांबलो होतो. एजंट लाँच घेऊन आला, कंपनीने तिकीट काढलं होतं. दुपारच्या विमानाचं. माझ्या जागी यायचा होता तो पोरगा बॅग घेऊन वर चढलासुद्धा. रात्रीपर्यंत ठाण्याला पोचलो असतो."

"मग?"

"मी कॅप्टनला सांगितलं, घरून निरोप आलाय, बाळ आता बरं आहे. जायची गरज नाही." तो थांबला. "त्याने माझं अभिनंदन केलं. संध्याकाळी मेसमध्ये केक केला होता."

मेधाला सगळं फार स्वच्छ ऐकू येत होतं. मागे कुणीतरी मलायमध्ये हसत होतं, कढईवर उलथनं आपटत होतं, सायकलची चेन कुरकुरत गेली. दोन वर्षं तो रोज संध्याकाळी या किनाऱ्यावर तिच्याबरोबर चालला होता. हे घर त्यानेच पसंत केलं होतं. का, ते तिला विचारावंसं वाटलं आणि विचारावंसं वाटलं नाही.

"का?" ती म्हणाली. हे दुसऱ्याच गोष्टीचं का होतं.

"आदल्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, तळहातावर मावते. अंगभर नळ्या आहेत." निशिकांत आपल्या तळहाताकडे बघत होता. "मला वाटलं, मी पोचेन तेव्हा ती असेल. मग मला बघावं लागेल. आणि बघितल्यावर ती गेली तर. न बघता गेली तर मी..." पुढे त्याला जोडता येईना. ओठ दोन-तीनदा हलले. या वेळी त्याच्यापाशी कुणाचेच शब्द नव्हते.

"तारीख?"

"सव्वीस नोव्हेंबर."

मेधाने मनातल्या मनात बोटांवर दिवस धरले. तिला मोजावं लागत नव्हतं तरी मोजलं. मग ती बाकावर त्याच्याकडे तोंड करून बसली, एक पाय दुमडून, माहेरी गप्पा मारायला बसावं तशी, आणि तिने सांगायला सुरुवात केली. हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं, आणि त्या पत्रानंतर सांगायचं काही उरलंय असं तिलाही वाटलं नव्हतं. इतकं सगळं ज्याला कळलंय त्याला काय वेगळं सांगायचं. पहिल्या दिवशी, ती म्हणाली, तिचं वजन एक किलो ऐंशी ग्रॅम होतं. मला फक्त पाय दाखवले, तेही लांबून. दुसऱ्या दिवशी मी टाके धरून चालत गेले, तिथे बाहेर चपला काढायच्या असतात, मला वाकता येईना, तुझ्या बाबांनी माझ्या पायातल्या चपला काढल्या. तिच्या पेटीवर 'बेबी ऑफ मेधा' लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी एक मिलीलिटर दूध. चमच्यात घेतलं तर दिसत पण नाही, इतकं. तिच्या पाठीवर लव होती. टाचेतून रोज रक्त घ्यायचे, टाच काळीनिळी झाली होती, पण रडायचा आवाज यायचा नाही, नुसतं तोंड रडायचं. सहावा आणि सातवा दिवस मला वेगळे आठवत नाहीत. आठव्या दिवशी सिस्टरने मोज्याचं टोक कापून तिला टोपी केली. हिरवा मोजा होता. निशिकांतने एकदा "मेधा" म्हटलं. तिने थांबून वाट पाहिली, पुढे काही आलं नाही, मग ती दहाव्या दिवसावर गेली.

पुढे फेब्रुवारीत निशिकांत पुन्हा जहाजावर गेला. इथली नोकरी त्याने स्वतःहून सोडली. मेधाने भाड्याचा करार संपेपर्यंत ते घर ठेवलं, शाळेने तिला पूर्णवेळ घेतलं आणि तिच्या स्वतःच्या नावाने राहण्या-कामाचा पास काढून दिला, तेव्हा ती सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकाला, यिशुनला, एका फ्लॅटमधल्या खोलीत राहायला गेली. वकिलाकडे कुणी गेलं नाही. त्याच्या ईमेल येत राहिल्या, दोन ओळींच्या, कुठे आहे आणि हवा कशी आहे, आणि त्या दोन ओळी तिला खऱ्या वाटत. पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी ऊन वर चढेपर्यंत ती बोलत होती, आणि तो ऐकत होता, हात गुडघ्यांवर पालथे टाकून, वैद्यकीय तपासणीला बसल्यासारखा.

"बाराव्या दिवशी," ती म्हणाली, "सव्वीस नोव्हेंबरला, तिच्या नळ्या काढल्या होत्या. एक नाकातली ठेवली होती फक्त. सिस्टर म्हणाली, आज छातीशी धरा. सकाळी साडेदहा ते अकरा-दहा. गाऊनच्या आत. तिचे डोळे उघडे होते. त्यांना दिसत नाही म्हणतात इतक्या लवकर, पण ती बघत होती. मग मला आठवलं, आज बारावा. बारसं. आत्या नाही, पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. मीच तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि कुर्र केलं आणि नाव ठेवलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मशीनं चालू होती."

निशिकांतने पहिल्यांदा मान वर केली. त्याचा चेहरा तिने याआधी कधी पाहिला नव्हता असा होता. त्याला रडता येत नव्हतं. जबडा आवळल्यासारखा बाजूला गेला होता, आणि एक डोळा बारीक झाला होता.

"काय?" तो म्हणाला. "नाव काय ठेवलंस?"

"तेराव्या दिवशी पुन्हा पेटीत," मेधा म्हणाली. "चौदाव्या दिवशी वजन वीस ग्रॅम वाढलं." तिने पंधरावा सांगितला. सोळाव्या दिवशी संध्याकाळी अंग गरम लागलं ते सांगितलं, सतराव्या दिवशी आलेल्या डॉक्टरांच्या ओपीडीच्या कोटाची बटणं चुकीची लावलेली होती ते, अठराव्या दिवशी पुन्हा सगळ्या नळ्या, आणि एकोणिसाव्या दिवशी पहाटे तुझ्या बाबांनी ती माझ्याकडे दिली तेव्हा ती जड लागली, जिवंतपणी इतकी जड लागली नव्हती, हेही सांगितलं. बाबांना मी म्हटलं, टोपी राहू द्या. सांगून झालं. तिने त्याच्या शेजारची बाटली घेऊन उघडली आणि अर्धी प्यायली.

समोरून सायकलवाल्या मुलांची रांग घंटी वाजवत गेली.

"मेधा, नाव," निशिकांत म्हणाला. "तेवढं सांग."

तिने बाटलीचं झाकण लावलं आणि बाटली दोघांच्या मध्ये बाकावर उभी ठेवली.

"ते तिला सांगितलंय," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.